हँगरच्या दारातून : लूप, पोहरा आणि पेन्सिलीचा तुकडा

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की, आयुष्यात एकदा हंटर या आपल्या वायुसेनेच्या जुन्या लढाऊ जेट विमानात बसून लूप, म्हणजे हवेतली उभी गोल कोलांटी, खाल्लाय. ‘खाल्लाय’ म्हटलं, कारण मारणारा शेजारी बसला होता. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच देतोय. आधीच सांगतो, मी वैमानिक नव्हतो. एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा मिस्त्री होतो. बरीच वर्षं हंटरच्या पोटाखाली पाठीवर झोपून काढली आणि आता नागपूरला काटोल रोडवर घराच्या गच्चीवर पाठीवर झोपून विमानं बघतो. त्यामुळे आकाशातलं वर्णन कमी आणि नटबोल्टांचं जास्त येईल, ते सांभाळून घ्या.

प्रश्न : काका, वायुसेनानगरच्या एअर शोमध्ये वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरत पथकाची विमानं उलटी होऊन गोल फिरली. आतली माणसं लटकत कशी नाहीत? आणि तो गोल खरंच गोल असतो का? बाबा म्हणतात, जुन्या विमानांना हे जमत नसे.
– नववीतली विद्यार्थिनी, महाल

बेटा, तुमच्या महालातल्या जुन्या वाड्यात एखादी विहीर अजून बुजवली नसेल तर पोहरा माग. नसेल तर छोटी बादली घे, अर्धी भर आणि दोरीने उभ्या गोलात फिरव. दोरी एक मीटरची असेल तर साधारण दोन सेकंदांत एक फेरी पूर्ण झाली पाहिजे. त्याहून हळू फिरवलीस तर पाणी तुझ्या डोक्यावर. वर गेल्यावर पाण्याला खाली पडायचं असतंच, पण बादलीही तेवढ्याच घाईने खाली वळत असते. पडायला जागाच मिळत नाही. जत्रेतल्या मौत का कुआँमधला मोटारसायकलवाला याच हिशेबावर पोट भरतो.

विमानात माणूस म्हणजे पाणी आणि आसन म्हणजे बादलीचा तळ. लूप नीट मारला तर माथ्यावर, पूर्ण उलटं असताना, माणूस पट्ट्यांवर लटकत नाही. आसनावरच हलकासा टेकलेला राहतो. मला तर वर गेल्यावर क्षणभर वाटलं की आपण सरळच आहोत आणि खालची जमीन कुणीतरी उचलून डोक्यावर धरली आहे.

आता गोलाचं. वहीत हे गणित करून बघ. समजा इंजिनाची मदत नाही, विमान अगदी अचूक वर्तुळात फिरतंय आणि माथ्यावर माणसाला वजन जेमतेम शून्य जाणवतंय. तर तळाशी त्याला सहापट वजन जाणवायला हवं. म्हणजे तुझं वजन ४० किलो असेल तर तळाशी २४०. असं रोज कुणी करत नाही. वैमानिक तळाशी हातातला सुकाणूचा दांडा साडेतीन-चारपट वजन जाणवेल इतका ओढतो, वर जाताना वेग घटतो, तसा दांडा हळूहळू सैल सोडतो आणि उतरताना पुन्हा ओढतो. त्याने तो सैल सोडलाच नाही, सगळीकडे सारखंच ओढलं, तर वर वेग कमी असल्यामुळे वळण आखूड होतं आणि आकृती टोक वर केलेल्या अंड्यासारखी दिसते. तुला जो सुबक गोल दिसला तो निसर्गाने काढलेला नव्हता, त्या माणसाच्या मनगटाने काढला होता.

बाबांना मात्र सांग की काका म्हणाले, चूक. टायगर मॉथ हे एकावर एक पंखांच्या दोन जोड्यांचं, लाकूड, नळ्या आणि कापडाचं शिकाऊ विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं. इंजिन १३० अश्वशक्तीचं. आज रस्त्यावरच्या कित्येक मोटारींचं याहून मोठं असतं. तेही लूप मारतं. आधी नाक खाली करून ताशी १२० मैलांपर्यंत वेग गोळा करायचा आणि मग ओढायचं. त्याचा गोल काहीशे फुटांत आटोपतो, हंटरला काही हजार फूट लागतात. जुनं विमान आणि नवं विमान यांत जमणं-न जमणं हा फरक नाही. वेगाची पुंजी किती आणि ती कुठून आणायची, एवढाच आहे.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये असतो. माझ्या पासष्टीनिमित्त त्याने दोन आसनी स्पिटफायरमधल्या फेरीचं तिकीट काढलं आहे. वैमानिक विचारून लूपही मारतो म्हणे. बसू का? काय वाटेल?
– निवृत्त शिक्षक, धरमपेठ

सर, आधी डॉक्टरांना विचारा, मग मला. रक्तदाब, हृदय, मान, कंबर, डोळ्यांची अलीकडची शस्त्रक्रिया, हे सगळं त्यांना सांगा आणि ‘विमानप्रवास’ असं मोघम सांगू नका. नाहीतर त्यांना मुंबईचं विमान वाटेल. ‘वजन साडेतीनपट होणार आहे’ असं सांगा. त्यांनी हो म्हटलं तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे : बसा.

स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ५ मार्च १९३६ रोजी आणि पुढे वीस हजारांवर बनली. आपल्या वायुसेनेनेही दुसऱ्या महायुद्धात ती उडवली आणि १९४७-४८ मध्ये काश्मीरवर वापरली. मूळचं लढाऊ विमान एकाच माणसाचं. मागे दुसरं आसन घातलेली थोडी विमानं आज इंग्लंडमध्ये पाहुण्यांना घेऊन उडतात. आत शिरताना जागा बघून दचकाल. खांदे दोन्ही बाजूंना टेकतील. पेट्रोल, गरम तेल आणि जुन्या चामड्याचा वास येईल. इंजिन मर्लिन, बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर. तो आवाज कानांच्या आधी बरगड्यांना ऐकू येतो असं, त्यात बसून आलेला प्रत्येक जण सांगतो.

लूपच्या आधी वैमानिक थोडं नाक खाली करेल. ताशी अडीचशे-तीनशे मैलांच्या आसपास वेग येईल आणि मग तो दांडा मागे घेईल. ‘ओढेल’ असं मुद्दाम म्हणत नाही, कारण स्पिटफायरचा दांडा या दिशेला फार हलका आहे. बोटभर हलवला तरी माणूस आसनात रुतावा. या क्षणी गाल खाली ओघळतील, मांडीवरचा हात उचलावासा वाटेल आणि उचलणार नाही. डोक्याचं वजन वीस किलोंच्या घरात जाईल, म्हणून मान सरळ, डोकं मागे टेकलेलं ठेवा. ओढ सुरू व्हायच्या आधीच ठेवा. मध्येच खाली वाकून कॅमेरा शोधलात तर पुढचा आठवडा मान शेकण्यात जाईल. कडा करड्या दिसू लागल्या तर पोट आणि मांड्या आवळा. रक्त डोक्यातून पायांकडे पळत असतं, त्याची वाट अडवायची असते. आमच्या वैमानिकांना त्यासाठी हवेने फुगणारा जी-सूट असायचा. माझ्या त्या एका फेरीत मलाही घातला होता. मोठ्या मापाचा निघाला, त्यामुळे फुगला तरी मला विशेष मदत झाली नाही आणि सुमारे दोन सेकंद शेजारचा वैमानिक मला काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्यासारखा दिसला. हंटरच्या दोन आसनी प्रकारात आसनं शेजारी-शेजारी असतात, म्हणून तो दिसला तरी. तुम्हाला समोर फक्त एक पाठ दिसेल.

सगळ्यात मोठी युक्ती सांगतो. वर जाताना समोर बघू नका. समोर नुसतं आभाळ असतं आणि त्यातून मेंदूला काही कळत नाही. डाव्या पंखाच्या टोकाकडे बघा. ते टोक क्षितिजावर घड्याळाच्या काट्यासारखं फिरताना दिसेल. मग माथा जवळ आला की डोकं पूर्ण मागे टाका आणि कपाळाच्या वर क्षितिज शोधा. ते मागून, उलटं, खाली उतरत येईल. वैमानिकही हेच करतो. शेतं डोक्यावर आली की घाबरायचं कारण नाही, तिथून पुढे विमानाला घराकडची ओढ असते.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक नागपूरकर म्हणून सांगतो. आदल्या दिवशी तिथे कुणी प्रेमाने सावजी रांधलं तर हात जोडा. रिकाम्या पोटीही जाऊ नका, मळमळ जास्त होते. दोन टोस्ट, एक केळं. तर्री पोहे इथे परत आल्यावर, माझ्याकडे.

प्रश्न : मी वाचलं की स्पिटफायरचं इंजिन उलटं झाल्यावर बंद पडत असे. मग लूप कसा मारत?
– दुचाकी मेकॅनिक, कामठी

वा, हा आपल्या जातीचा प्रश्न. तुम्ही रोज कार्ब्युरेटर उघडता, म्हणून लगेच कळेल. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये फ्लोटचा कार्ब्युरेटर होता, तुमच्या जुन्या स्कूटरमध्ये असतो तसाच, मोठा. वैमानिकाने दांडा पटकन पुढे ढकलला की विमान सुळकन खाली जातं आणि आतलं सगळं वर उडतं, पेट्रोलसुद्धा. ते फ्लोट चेंबरच्या छताला चिकटतं, जेटला काही मिळत नाही, इंजिन एक आचका देतं. तेवढ्यात फ्लोटही चुकीच्या जागी गेल्यामुळे सुई उघडी पडते, पंप पेट्रोल ओतत राहतो आणि मग उलट फार पेट्रोल होऊन इंजिन गुदमरतं. समोरच्या जर्मन मेसरश्मिटला थेट फवारणी होती. तो विमानाचं नाक खाली घालून निघून जायचा आणि इंग्रजाला आधी विमान अर्धं लोळवून, मग ओढत त्याच्यामागे जावं लागायचं.

पण लूपमध्ये दांडा मागेच असतो. वर सांगितलेला पोहरा आठवा, पाणी तळालाच चिकटून. तसं पेट्रोलही चेंबरच्या तळालाच. विमान उलटं होतं, पण पेट्रोलला ते कळतच नाही. म्हणून लूपला अडचण नव्हती, अडचण होती नुसतं उलटं उडत राहायला आणि नाक ढकलायला.

या दुखण्यावरचा पहिला तोडगा बिएट्रिस शिलिंग या बाईंनी १९४१ मध्ये काढला. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात इंजिनियर होत्या. पेट्रोलच्या वाटेत मोजून भोक पाडलेली पितळेची चकती बसवली. इंजिनाला जास्तीत जास्त लागेल तेवढंच पेट्रोल जाईल, पूर येणार नाही, बस्स. विमान उघडून पसरायची गरज नाही, तळावरच बसवून मिळायची. आचका पुरता गेला नाही, पण इंजिन गुदमरायचं थांबलं. या बाई मोटारसायकलच्या शर्यतींतही उतरत आणि ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारल्याबद्दल त्यांना सुवर्णतारा मिळाला होता. तुमच्या दुकानात त्यांचा फोटो लावायला हरकत नाही.

प्रश्न : जगात पहिला लूप कुणी मारला?
– वाचक, रामटेक

रशियन सैन्यातला प्योत्र नेस्तेरोव्ह, ९ सप्टेंबर १९१३, कीव्हमध्ये, न्यूपोर्टच्या विमानात. खाली उतरल्यावर सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून दहा दिवसांची अटक झाली. थोड्याच दिवसांनी फ्रान्समध्ये पेगू नावाच्या वैमानिकाने लूप मारला, त्याचा जगभर गाजावाजा झाला, तेव्हा रशियनांना जाग आली आणि नेस्तेरोव्हला बढती मिळाली. सरकारी कारभार, दुसरं काय.

प्रश्न : जुन्या लढाऊ विमानांच्या कसरती हा श्रीमंतांचा जीवघेणा हट्ट नव्हे का? इंग्लंडमध्ये २०१५ साली हंटर रस्त्यावर कोसळून माणसं मेली. तुम्ही त्याच हंटरचं कौतुक करता.
– अभियंता, हिंगणा

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रागावून लिहिलंय आणि राग बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२२ ऑगस्ट २०१५. शोरहॅमचा एअर शो. विमान हंटर टी-७, १९५५ साली बांधलेलं, म्हणजे साठ वर्षांचं. वैमानिकाने तिरपा लूप घेतला, तळाशी जागा पुरली नाही आणि विमान शेजारच्या महामार्गावर आदळलं. अकरा जण मेले. त्यातला एकही त्या विमानात नव्हता. सगळे रस्त्यावरचे. वैमानिक वाचला. ही बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, कुठला बोल्ट? कुठली नळी? दीड वर्षाने, मार्च २०१७ मध्ये, तपासाचा अहवाल आला आणि त्यात बोल्ट निघाला नाही, हिशेब निघाला.

त्या कसरतीसाठी तळाशी निदान ३५० नॉट (ताशी सुमारे ६५० किलोमीटर) वेग हवा होता, विमान साधारण ३१० ला वर गेलं. तुम्ही अभियंता आहात, गुणाकार करा. वेग अकरा-बारा टक्के कमी, पण वर चढायची ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, म्हणजे पुंजी एकवीस टक्क्यांहून जास्त कमी. त्यात वर जाताना इंजिन पूर्ण जोरावर नव्हतं. परिणाम असा की माथा निदान ३५०० फुटांवर यायला हवा होता, तो आला २७०० वर. आठशे फूट नाहीत. ते आठशे फूट तळाशी कुठून आणणार? लूपचा दुसरा अर्धा भाग उधारीवर होत नाही. जितक्या उंचीवरून नाक खाली घातलं तितकीच जमीन शिल्लक असते. दांडा जास्त ओढून गोल आखूड करायला गेलात तर पंख हवा सोडतात आणि उरलीसुरली ताकदही जाते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. माथ्यावर उंची कमी आहे हे दिसल्यावर करायचं काय, हे ठरलेलं असतं. खाली जायचं नाही. तिथेच विमान लोळवून सरळ करायचं आणि निघून जायचं. प्रेक्षकांना कळतही नाही, वाटतं ठरवूनच केलं. अहवालात म्हटलं होतं की माथ्यानंतरही काही सेकंद ही सुटका शक्य होती. ती घेतली गेली नाही. का, याची एक शक्यता अशी मांडली गेली की हा वैमानिक दुसरं, कमी वेगाचं जेट विमानही उडवत असे आणि त्याचे आकडे डोक्यात राहिले असावेत. शक्यता आहे, एवढंच. पण तुमच्या घरात दोन गाड्या असतील तर दुसरीत बसल्यावर वायपरच्या जागी इंडिकेटर लागतो, तो अनुभव असेलच.

म्हणून ‘जुनं विमान धोक्याचं’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. जुन्या विमानाला धोका दोन ठिकाणी असतो. एक धातूत. तो मोजता येतो, म्हणून आज स्पिटफायर उडवणारी मंडळी युद्धात ओढलं जायचं तेवढं ओढतच नाहीत, जपून, बरंच कमी ओढतात. विमान म्हातारं आहे, त्याला जत्रेला न्यायचं तर खांद्यावर नाही, हात धरून. दुसरा धोका माणसात असतो. पूर्वी स्क्वाड्रनचा वैमानिक तेच विमान आठवड्यात अनेकदा उडवायचा. आज हौशी वैमानिक वेगवेगळी विमानं महिन्यातून कधीतरी उडवतो. हातात बसलेले आकडे निसटतात.

त्यात हवेची भर घाला. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा इतकी पातळ होते की सोनेगावच्या धावपट्टीवर नुसतं उभं असलेलं विमान हवेच्या दृष्टीने पावणेपाच हजार फुटांवर असतं. वेगाचा काटा तोच आकडा दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात सात टक्के जास्त वेगाने जात असतं आणि तेवढ्याच ओढीला गोल पंधरा टक्के मोठा होतो. इंजिनही धापा टाकतं. जानेवारीतला आकडा मे महिन्यात चालत नाही. जुन्या विमानात हे सांगणारा संगणक नसतो, मांडीवर बांधलेला कागद असतो.

आता माझ्या बाजूचं. बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर हंटरच्या कामावर असताना एकदा संध्याकाळी अवजारं मोजली तर पाव इंची स्पॅनर एक कमी. त्या दिवशी हात लागलेलं विमान दुसऱ्या सकाळी कसरतींच्या सरावाला जाणार होतं. कॉकपिटच्या फरशीखाली एखादा स्पॅनर असला तर सरळ उड्डाणात तो वर्षानुवर्षं झोपून राहील. लूपच्या माथ्यावर वजन शून्याजवळ आलं की तो उठतो आणि उतरताना जिथे बसेल तिथे बसतो. कंट्रोलच्या दांड्याच्या बुडाशी बसला तर वैमानिक दांडा ओढेल आणि दांडा येणार नाही. आम्ही विमान थांबवलं. एका वरिष्ठांनी माझ्यावर जो आवाज चढवला तो अजून कानात आहे. सराव बुडतोय, वर उत्तर कोण देणार, एका स्पॅनरसाठी? मी सही केली नाही. दोन दिवस आसन काढून, फळ्या उघडून, आरसा आणि टॉर्च घेऊन शोधलं. स्पॅनर सापडला नाही. तो शेजारच्या पाळीच्या पेटीत निघाला, चुकून गेलेला. पण आसनाखाली चार बोटं लांबीचा पेन्सिलीचा तुकडा सापडला. तो हरवल्याची कुणी कधी तक्रारच केली नव्हती. किती लूप त्याने आमच्याबरोबर मारले असतील, देव जाणे.

शोरहॅमनंतर इंग्लंडमध्ये जुन्या जेट विमानांना जमिनीवरच्या शोमध्ये अशा कसरती करू देणं थांबवलं, नुसतं समोरून उडून जायची मुभा ठेवली. लोकांना ते फिकं वाटलं. मला योग्य वाटलं. बघायला आलेल्याने तिकीट काढलेलं असतं, रस्त्याने जाणाऱ्याने नाही. तुमचा राग तिथे आहे आणि तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. पण मोकळ्या रानावर, पुरेशा उंचीवर, आकडे पाठ असलेल्या माणसाने मारलेला लूप हा हट्ट नव्हे. सतार काचेच्या कपाटात ठेवली तर ती फर्निचर होते. हंटरचंही तेच.

प्रश्न : मी फ्लाइंग क्लबमध्ये शिकायचं म्हणतोय. सेसनात लूप मारता येईल का? आणि जुनी लढाऊ विमानं आपल्याकडे कुठे दिसतात?
– बारावीतला विद्यार्थी, सोनेगाव

पहिल्याचं उत्तर : नाही. क्लबात शिकाऊ मुलांना देतात ती साधी सेसना लूपसाठी प्रमाणित नसते. यूट्यूबवर कुणी मारताना दिसलं तर त्याचा नाद करू नकोस. परवाना घे, मग कसरतींसाठी बनवलेल्या विमानात, शिकवणाऱ्यासोबत. त्यालाही आधी उंची, पट्टे, सुटं सामान, इंजिन, खालची जागा आणि आजूबाजूची विमानं तपासायला लागतात. दर वेळी. कंटाळा येईपर्यंत.

दुसऱ्याचं : दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात जा. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, व्हॅम्पायर, तुफानी, मिस्टियर, हंटर, नॅट, सगळी एका छताखाली आणि अंगणात. वायुसेनेकडे उडतं टायगर मॉथ, शिकाऊ हार्वर्ड आणि मालवाहू डकोटाही आहे, वायुसेना दिनाला कधी कधी दिसतात. डकोटाबद्दल तुला विशेष वाटायला हवं. तू राहतोस त्या सोनेगावला १९४९ पासून रात्रीच्या टपालाची डकोटा विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून मध्यरात्री यायची, पिशव्यांची अदलाबदल करून परत जायची. वडील सांगायचे, उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपलं की त्या आवाजावरून किती वाजले ते कळायचं.

प्रश्न : आमचे ‘हे’ वायुसेनेत फिटर होते. जाऊन चार वर्षं झाली. रोज जेवताना म्हणायचे, आज आमच्या विमानाने तीन लूप मारले, आज पाच. ते तर कधी उडाले नाहीत. मी चेष्टा करायचे, विमान तुमचं कधीपासून झालं? सोबत फोटो पाठवतेय. हे कुठलं विमान? आणि खाली बसून त्यांना आकडा कसा कळायचा?
– एक वाचक, वर्धा

वहिनी, विमान हंटर. नाकाखाली दोन बाजूंना दोन फुगवटे आहेत ना, त्यावरून सांगतो. पोटात तीस मिलिमीटरच्या चार तोफा असत आणि गोळ्यांच्या माळेच्या रिकाम्या कड्या हवेत उडून विमानालाच लागू नयेत म्हणून त्या या फुगवट्यांत साठायच्या. त्या काळच्या एका इंग्लिश नटीवरून वैमानिक त्यांना सॅब्रिना म्हणत. का, ते तुम्ही फोटो बघून ओळखाल, मी लिहीत नाही.

आकडा त्यांना दोन ठिकाणी कळायचा. सरावाची जागा जवळ असेल तर मान वर करून. आम्ही सगळेच करायचो, हातातलं काम तसंच ठेवून. आणि दुसरं, विमान उतरल्यावर, वैमानिकाच्या तोंडून. पण त्याआधी आम्ही ओढ बघायचो. कॉकपिटमध्ये ती मोजणारा जी-मीटर असतो. त्याला एक जास्तीचा काटा असतो, जो उड्डाणातल्या सगळ्यात मोठ्या ओढीवर जाऊन अडकून राहतो. वैमानिक उतरायच्या आधी शिडीवरून वर चढून आमचा पहिला डोळा त्या काट्यावर. मर्यादेच्या आत असेल तर हसून नमस्कार. बाहेर असेल तर रात्रभर पंखांचे जोड तपासत बसायचं. वैमानिकाने ‘तीन लूप मारले’ म्हटलं की आम्ही आधी काटा बघायचो, मग त्याचं तोंड.

आणि विमान त्यांचंच होतं. सकाळी ते तपासून सातशे नंबरच्या वहीत सही करायचे. त्या सहीखाली वैमानिक सही करून विमान घेऊन जायचा आणि तासाभराने परत आणून द्यायचा. तेवढा तासभर ते त्याचं. उरलेला वेळ फिटरचं.

फोटो रजिस्टरने परत पाठवतोय. उजवा कोपरा दुमडला होता, म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलाय. शिडीवर उभे आहेत ते तुमचे यजमान असतील, तर त्यांच्या डाव्या हातात चिंधी आहे आणि खिशाचं बटण लावलेलं आहे. चांगला फिटर होता.